मकाह जमातीचा देवमाशांच्या शिकारीचा हक्क

मकाह जमातीचा देवमाशांच्या शिकारीचा हक्क : अमेरिकेची संयुक्त संस्थाने आणि मकाह ही इंडियन जमात यांच्यात ३१ जानेवारी १८५५ रोजी नीआ बे येथे झालेल्या तहाने मान्य झालेला हक्क. संयुक्त संस्थानांनी इंडियन जमातींशी केलेल्या शेकडो तहांपैकी देवमाशांच्या शिकारीचा स्पष्ट निर्देश असलेला हा एकमेव तह होय. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वन्य प्राण्यांच्या संरक्षणासाठी जे कायदे झाले, त्यांच्याशी या हक्काचा संघर्ष उद्‌भवला. राष्ट्राने दिलेला शब्द आणि त्याच राष्ट्राने पुढे केलेला कायदा यांपैकी प्रमाण कोणते मानावयाचे, हा त्यातील मूळ प्रश्न आहे.

मकाह लोकांची वस्ती वॉशिंग्टन राज्याच्या वायव्य टोकास, ऑलिंपिक द्वीपकल्पावरील केप फ्लॅटरी या भूशिराच्या परिसरात आहे. उत्तरेस वान दे फूका सामुद्रधुनी व पश्चिमेस पॅसिफिक महासागर यांनी वेढलेला हा प्रदेश खडकाळ, अतिपावसाचा व दाट जंगलाचा असून शेतीस प्रतिकूल आहे. मकाह भाषा वाकाशन भाषाकुलातील असून सामुद्रधुनीपलीकडील व्हँकूव्हर बेटावरील नूचानुल्थ (पूर्वी नूटका या नावाने परिचित) लोकांशी त्यांचे भाषिक व कौटुंबिक नाते आहे. तहाच्या काळी त्यांची पाच मुख्य गावे होती. हॅलिबट मासा, सील व देवमासा यांवर त्यांचा निर्वाह चाले आणि देवमाशाच्या तेलाचा त्यांचा व्यापार दूरवर पोचलेला होता. जमातीची संपत्ती जमिनीत नव्हती, ती समुद्रात होती. तहाच्या वाटाघाटींत मकाह प्रमुखांनी जो आग्रह धरला, त्याचे कारण यातच आहे.

देवमासा हा मासा नसून सस्तन प्राणी आहे, हे सर्वश्रुत आहे. या किनाऱ्याशी विशेष संबंध येतो तो करड्या देवमाशाचा. सु. १२ ते १४ मी. लांबीचा हा प्राणी हिवाळ्यात मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पातील खाजणांत पिलांना जन्म देतो आणि वसंत ऋतूत किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेस बेरिंग व चुक्ची समुद्रांकडे जातो. केप फ्लॅटरी हे भूशिर या मार्गावरच पडते. शिकारीसाठी सीडार वृक्षाच्या एकाच खोडातून कोरलेल्या होडीत आठ जण बसत. भाल्याचा दांडा यू वृक्षाच्या लाकडाचा, पाते मोठ्या शिंपल्याचे आणि त्याचे काटे एल्कच्या शिंगाचे असत. भाल्याच्या दोरास सीलच्या अखंड कातड्यात हवा भरून केलेले फुगे बांधीत. त्यामुळे घायाळ देवमाशास खोल बुडी मारणे कठीण होई व तो थकून जाई. तो मेल्यावर एक जण पाण्यात उतरून त्याचे तोंड शिवून टाकी, अन्यथा पोटात पाणी शिरून शव बुडण्याचा धोका असे. नंतर वल्ही मारीत ते अजस्र धूड किनाऱ्यास ओढून आणावयाचे, हे काम कित्येकदा शिकारीपेक्षाही दीर्घ व कष्टाचे ठरे. भालाफेक्याचे पद ठराविक घराण्यांकडे वंशपरंपरेने चाले. त्याला शिकारीपूर्वी थंड पाण्यात स्नान, उपवास, प्रार्थना व ब्रह्मचर्य पाळावे लागे. तो समुद्रावर असेतो त्याच्या पत्नीने घरी निश्चल पडून राहावे, असाही दंडक होता. मांसाची व चरबीची वाटणी मानाच्या क्रमाने होई. जेम्स जी. स्वॉन या नीआ बे येथे काही वर्षे शिक्षक असलेल्या गृहस्थाने एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात या चालीरीतींची तपशीलवार नोंद केली. स्मिथ्सोनियन संस्थेने ती प्रसिद्ध केली.

या परंपरेचा भौतिक पुरावा अनपेक्षितपणे हाती आला. ओझेट हे मकाह गाव काही शतकांपूर्वी डोंगरावरून घसरलेल्या चिखलाखाली गाडले गेले होते. १९७० मध्ये वादळी लाटांनी तेथील दरड कोसळून जुन्या वस्तू उघड्या पडल्या. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाचे पुरातत्त्वज्ञ रिचर्ड डॉहर्टी यांनी जमातीच्या सहकार्याने १९८१ पर्यंत उत्खनन करून ५५,००० हून अधिक वस्तू बाहेर काढल्या. ओल्या चिखलामुळे लाकूड, टोपल्या व दोर सुस्थितीत राहिले होते. देवमाशाच्या हाडांचे प्रचंड साठे, शिकारीची अवजारे आणि समुद्री ऊदमांजराचे सातशेहून अधिक दात जडवलेली, देवमाशाच्या पाठीवरील पराच्या आकाराची एक काष्ठकृती हे त्यातील लक्षणीय अवशेष होत. या वस्तूंसाठी १९७९ मध्ये नीआ बे येथे जमातीने स्वतःचे संग्रहालय उघडले. शिकार बंद पडून अर्धशतक लोटल्यावर तरुण पिढीस तिची प्रत्यक्ष ओळख या संग्रहालयात झाली, असे म्हणण्यास हरकत नाही.

नीआ बेचा तह : १८५२-५३ च्या देवीच्या साथीने मकाह जमातीचा मोठा संहार केला होता. तिच्यातून लोक सावरतात न सावरतात तोच वॉशिंग्टन प्रदेशाचा गव्हर्नर आयझॅक स्टीव्हन्स तहासाठी येऊन दाखल झाला. त्याने अल्पावधीत या भागातील जमातींशी तहांची मालिकाच पुरी केली आणि सर्वांपुढे जवळजवळ एकच मसुदा ठेवला : जमीन द्यावी, राखीव क्षेत्रात राहावे, मोबदल्यात वार्षिक रक्कम, शाळा व वैद्यकीय साहाय्य मिळेल. वाटाघाटी चिनूक बोलीच्या आधारे झाल्या. व्यापारासाठी बनलेली ही मिश्र बोली जेमतेम काहीशे शब्दांची; मालकी किंवा सार्वभौमत्व यांसारख्या कल्पना तीत कितपत पोचल्या असतील, याचा अंदाज बांधणे अवघड नाही. तथापि मकाह प्रमुख एका मुद्यावर अढळ राहिले. समुद्रावरील आपला हक्क जाता कामा नये, हे त्यांनी निरनिराळ्या शब्दांत पुनःपुन्हा सांगितल्याचे तहाच्या इतिवृत्तावरून दिसते. स्टीव्हन्सनेही त्यांना, राष्ट्राध्यक्षास तुमचे देवमासे मारण्याचे कौशल्य ठाऊक आहे व तो त्यास आडकाठी न करता उलट साहाय्यच करील, असे आश्वासन दिले. तहाच्या चौथ्या कलमात मासेमारीच्या जोडीला देवमासे व सील यांच्या शिकारीचा उल्लेख आला, तो या आग्रहामुळेच. जमातीने सु. ३,००,००० एकर भूमी सोडली. सेनेटने १८५९ मध्ये तहास संमती दिली.

चौथ्या कलमाची शब्दयोजना पुढील सर्व वादाचे मूळ ठरली. नेहमीच्या व परिपाठाच्या ठिकाणी मासे धरण्याचा आणि देवमासे व सील मारण्याचा हक्क इंडियनांना ‘संयुक्त संस्थानांच्या सर्व नागरिकांसमवेत समाईकपणे’ राहील, असा त्याचा आशय आहे. ‘समाईकपणे’ हा शब्द स्टीव्हन्सच्या इतर तहांतही मासेमारीच्या संदर्भात येतो. १८५५ मध्ये त्याचा व्यावहारिक अर्थ गोऱ्या वसाहतवाल्यांनाही तेथे मासे धरता यावेत एवढाच होता. सव्वाशे वर्षांनंतर मात्र त्याच शब्दातून परस्परविरोधी निष्कर्ष निघाले.

हक्काचा संकोच : तहानंतर सरकारने मकाह लोकांना शेतकरी बनविण्याचा उद्योग आरंभिला. त्या पाणथळ, खडकाळ भूमीत तो फसला. जमातीने मात्र समुद्रातूनच उत्कर्षाची वाट काढली. १८८० नंतरच्या दशकात फर सीलच्या कातड्यांस मोठी किंमत येऊ लागली, तेव्हा काही मकाह पुरुषांनी स्वतःची शिडाची जहाजे विकत घेतली आणि आपल्या होड्या त्यांवर चढवून ते खोल समुद्रात सीलच्या शिकारीस जाऊ लागले. हा भरभराटीचा काळ अल्पजीवी ठरला. बेसुमार शिकारीने सीलची संख्या खालावल्यावर संयुक्त संस्थानांनी १८९७ च्या कायद्याने आपल्या नागरिकांस खुल्या समुद्रातील फर सीलची शिकार मना केली आणि मकाह लोकांची जहाजे निरुपयोगी झाली. १९११ च्या आंतरराष्ट्रीय करारात आदिवासींना सवलत ठेवण्यात आली, पण ती वल्ह्यांच्या वा शिडाच्या साध्या होडीपुरती व बंदुकीविना. तहातील सीलविषयक शब्द कायम असताना त्याखालचा व्यवसाय असा निघून गेला. देवमाशांच्या वादाची ही पूर्वपीठिका इतिहासकारांकडून बराच काळ उपेक्षित राहिली.

देवमाशांची स्थिती याहून वाईट झाली, आणि तिला मकाह कारणीभूत नव्हते. कॅप्टन चार्ल्स स्कॅमन याने १८५७ च्या सुमारास बाहा कॅलिफोर्नियातील खाजणे शोधून काढल्यावर व्यापारी जहाजांनी तेथे विणीसाठी आलेल्या माद्या व पिले यांची सरसकट कत्तल केली. काही दशकांतच करडा देवमासा दुर्मिळ झाला. पुढे विसाव्या शतकात वाफेच्या जहाजांनी व स्फोटक भाल्यांनी उरलेल्यांचा पाठलाग केला. १९२० नंतरच्या दशकात मकाह जमातीने शिकार थांबविली. ती कोणत्याही कायद्याने थांबलेली नव्हती. देवमासेच उरले नव्हते, शिवाय तेलास गिऱ्हाईक नव्हते, आणि सरकारी निवासी शाळांनी मुलांना घराण्यांच्या विद्येपासून तोडले होते.

संरक्षणाचे कायदे : करड्या देवमाशाच्या व्यापारी शिकारीवर १९३७ च्या आंतरराष्ट्रीय कराराने बंदी आली. १९४६ मध्ये वॉशिंग्टन येथे देवमासे-शिकारीच्या नियमनाचा करार होऊन त्यान्वये आंतरराष्ट्रीय देवमासे आयोग स्थापन झाला. आदिवासींच्या निर्वाहापुरत्या शिकारीस त्याने वेगळे स्थान दिले. संयुक्त संस्थानांत १९७२ चा सागरी सस्तन प्राणी संरक्षण अधिनियम व १९७३ चा विनाशोन्मुख जाति अधिनियम हे दोन प्रभावी कायदे झाले. पहिल्याने सागरी सस्तन प्राणी मारण्यास, पकडण्यास वा त्रास देण्यासही सर्वसाधारण मनाई केली. अलास्कातील मूळ रहिवाशांना मात्र निर्वाहासाठी व हस्तव्यवसायासाठी त्यातून वगळले. मकाह जमातीचा त्यात उल्लेख नव्हता. त्यावेळी ती शिकार करीत नसल्याने कोणास तिची आठवणही झाली नसावी. परिणामी एक विलक्षण विसंगती निर्माण झाली : ज्यांच्याशी असा तह झालेला नव्हता त्या अलास्कातील लोकांस शिकारीची मुभा राहिली आणि ज्यांच्यापाशी तह होता ते बंदीखाली आले.

इंडियन तहांविषयी न्यायालयांची भूमिका दुहेरी राहिली आहे. १९०५ च्या विनान्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तह म्हणजे इंडियनांना दिलेले दान नव्हे, त्यांनी दिलेले दान होय. जे दिले नाही ते त्यांचेच राहिले, असे तत्त्व सांगितले. संदिग्ध शब्दांचा अर्थ इंडियनांनी तो ज्या रीतीने समजून घेतला असेल त्या रीतीने लावावा, हाही नियम रूढ झाला. दुसरीकडे, काँग्रेस एकतर्फी कायदा करून तह मोडू शकते, असेही याच न्यायालयाने १९०३ मध्ये मान्य केले होते. १९८६ च्या डायन खटल्यात त्याने गरुड-संरक्षण कायद्याने गरुड मारण्याचा तहहक्क नष्ट झाल्याचा निर्णय दिला. मात्र काँग्रेसने त्या संघर्षाचा जाणीवपूर्वक विचार केल्याचा स्पष्ट पुरावा हवा, अशी अट घातली. या दोहोंच्या मध्ये १९७४ चा न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांचा सुप्रसिद्ध निर्णय येतो. ‘समाईकपणे’ या शब्दाच्या आधारे त्यांनी वॉशिंग्टन राज्यातील तहबद्ध जमातींना पकडण्याजोग्या सॅमन माशांच्या निम्म्या वाट्याचा हक्क दिला. १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय बव्हंशी उचलून धरला. मकाह जमात त्या दाव्यात सहभागी होती. तहाचे जुने शब्द अद्याप जिवंत आहेत, ही जाणीव तिच्यात बळावली ती तेव्हापासून.

शिकारीचे पुनरुज्जीवन : शिकारीअभावी करड्या देवमाशाच्या पूर्व पॅसिफिकमधील समूहाची संख्या वाढत जाऊन २०,००० च्या वर गेली आणि जून १९९४ मध्ये त्याचे नाव विनाशोन्मुख प्राण्यांच्या यादीतून काढण्यात आले. जमातीने १९९५ मध्ये शिकार पुन्हा सुरू करण्याचा मनोदय सरकारला कळविला. सरकारने तहाचा मान राखून आंतरराष्ट्रीय आयोगाकडे मागणी नेली. १९९६ मध्ये ती मागे घ्यावी लागली. १९९७ च्या मोनाको येथील बैठकीत मात्र रशियातील चुकोत्का भागाच्या आदिवासींसह संयुक्त मागणी मांडून १९९८ ते २००२ या काळासाठी ६२० करड्या देवमाशांचा कोटा मिळाला आणि त्यांतून मकाह जमातीस पाच वर्षांत २० देवमासे मारण्याची मुभा राहिली. आयोगाच्या ठरावात, ज्यांच्या निर्वाहाच्या व सांस्कृतिक गरजा ‘मान्य झालेल्या आहेत’ अशा आदिवासींसाठी, असे शब्द होते. कोणी मान्य केलेल्या, हे त्यात मुद्दामच मोघम ठेवले होते. सत्तर वर्षे देवमाशाच्या मांसावाचून जगलेल्या लोकांना निर्वाहाची गरज कशी, हा विरोधकांचा आक्षेप त्या मोघमपणाने टळला, मिटला नाही.

१७ मे १९९९ रोजी सकाळी मकाह होडीतून फेकलेला भाला एका करड्या देवमाशास लागला आणि पाठोपाठ सोबतच्या मोटर-बोटीतून झाडलेल्या मोठ्या बंदुकीच्या गोळीने तो मेला. ती सु. ९ मी. लांबीची तरुण मादी होती. वेदना अल्पकाळ व्हाव्यात म्हणून बंदूक वापरण्याची अट संयुक्त संस्थानांच्या अधिकाऱ्यांशी झालेल्या करारातच होती. तथापि हे दृश्य दूरचित्रवाणीवर पाहणाऱ्या पुष्कळांस ही परंपरा नव्हे असे वाटले. नीआ बे येथे हर्षकल्लोळ झाला, इतर जमातींचे पाहुणे येऊन सामुदायिक भोजन झाले. बाहेर मात्र जमातीविरुद्ध तीव्र निदर्शने झाली. १९९८ च्या शरद ऋतूपासूनच सी शेफर्ड या संघटनेच्या बोटी किनाऱ्यावर ठाण मांडून होत्या. विरोधकांत केवळ प्राणिप्रेमीच होते असे नव्हे. या सवलतीचा दाखला देऊन जपान व नॉर्वे आपल्या किनारी शिकारीचे समर्थन करतील, ही भीती अनेकांस वाटे आणि ती निराधार म्हणता येत नाही. उलट, इंडियनांविरुद्धचा जुना द्वेष पर्यावरणाच्या नावाखाली बाहेर पडल्याची उदाहरणेही त्या काळी दिसली. जमातीतील काही वृद्धांनीही शिकारीस विरोध दर्शविला होता.

न्यायालयीन निर्णय : काँग्रेस-सदस्य जॅक मेटकाफ व इतरांनी लावलेल्या दाव्यात नवव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने जून २००० मध्ये सरकारविरुद्ध निर्णय दिला. सरकारने जमातीस आधी वचन दिले व पर्यावरणीय परिणामांची पाहणी नंतर केली, हा क्रम राष्ट्रीय पर्यावरण धोरण अधिनियमाविरुद्ध असल्याचे न्यायालयाने म्हटले. नवी पाहणी झाली, शिकारीस पुन्हा वाव मिळाला आणि पुन्हा दावा लागला. अँडरसन विरुद्ध इव्हान्स या नावाने प्रसिद्ध असलेल्या त्या खटल्यात याच न्यायालयाने २० डिसेंबर २००२ रोजी दिलेला निर्णय या विषयातील सर्वांत महत्त्वाचा होय. पर्यावरणीय परिणामांचे सविस्तर विवरणपत्र हवे, एवढ्यावर तो थांबला नाही. १९७२ चा अधिनियम मकाह जमातीस लागू आहे आणि त्यातून रीतसर सूट मिळाल्याखेरीज तिला शिकार करता येणार नाही, असे न्यायालयाने ठरविले.

या निर्णयाची मांडणी सूक्ष्म आहे. तह रद्द झाला की नाही, या प्रश्नास न्यायालयाने हातच घातला नाही. संरक्षणाचा हेतू साधण्यास कायदा लागू करणे आवश्यक आहे काय, एवढेच त्याने पाहिले आणि त्यासाठी ‘समाईकपणे’ या शब्दाचा आधार घेतला. हक्क इतर नागरिकांशी समाईक असेल, तर त्या सर्वांवर असलेल्या नियमनातून एकाच पक्षास सर्वस्वी मुक्त राहता येणार नाही, असा हा युक्तिवाद होता. ज्या शब्दाने सॅमनच्या बाबतीत निम्मा वाटा मिळवून दिला, त्यानेच देवमाशाच्या बाबतीत हक्कास वेसण घातली. जमातीने १९९४ च्या दुरुस्ती कायद्यातील, इंडियन तहांत कोणताही बदल अभिप्रेत नाही, या कलमाकडे लक्ष वेधले होते. ते कलम त्या वर्षीच्या दुरुस्त्यांपुरतेच आहे, असे उत्तर मिळाले. तहाची भाषा इंडियनांच्या समजुतीप्रमाणे वाचण्याचा नियम या तर्कात कोठे बसतो, याचे समाधानकारक विवेचन निकालपत्रात आढळत नाही.

अलास्कातील घडामोडींशी तुलना केल्यास कायद्यातील एका अपवादाचे मोल कळते. १९७७ मध्ये आंतरराष्ट्रीय आयोगाने धनुःशीर्ष देवमाशाच्या शिकारीवर पूर्ण बंदी घातली, तेव्हा तेथील इन्यूपिआक व युपिक शिकाऱ्यांनी त्याच वर्षी स्वतःचा देवमासे आयोग स्थापून तीस आव्हान दिले. बर्फाखालून जाणारे देवमासे सरकारी गणतीत धरले जात नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. ध्वनिग्राहकांच्या साहाय्याने केलेल्या पुढील गणतींनी ते खरे ठरले. कोटा परत मिळाला आणि वाढलाही. देशांतर्गत कायद्याने त्यांना आधीच वगळलेले असल्यामुळे वाद संख्येचा राहिला, अधिकाराचा झाला नाही.

मकाह जमातीने फेब्रुवारी २००५ मध्ये सूट मिळण्यासाठी राष्ट्रीय सागरी मत्स्यसेवेकडे अर्ज केला. दिरंगाईने संतप्त झालेल्या पाच मकाह पुरुषांनी ८ सप्टेंबर २००७ रोजी परवान्यावाचून एक करडा देवमासा मारला. जमातीच्या मंडळाने या कृत्याचा निषेध केला, संघीय न्यायालयात पाचही जण दोषी ठरले व त्यांपैकी दोघांस कारावास झाला. विवरणपत्राचा २००८ चा मसुदा २०१२ मध्ये रद्द झाला, नवा मसुदा २०१५ मध्ये निघाला. २०१९ मध्ये सूट देण्याचा प्रस्ताव आला. त्या वर्षाअखेर सिअ‍ॅटल येथे प्रशासकीय न्यायाधीशापुढे सुनावणी झाली व २०२१ मध्ये त्याने अनुकूल शिफारस केली. याच काळात देवमाशांवर नवे संकट आले. २०१६ मध्ये सु. २७,००० असलेली पूर्व समूहाची संख्या २०२३ मध्ये सु. १४,५०० पर्यंत उतरली. उत्तरेकडील समुद्रांतील खाद्य घटल्याने हे प्राणी उपाशी मरत असल्याचे दिसून आले. मकाह शिकारीचा यात अर्थातच काही संबंध नव्हता.

१३ जून २०२४ रोजी सूट जाहीर झाली. तीनुसार दहा वर्षांत जास्तीत जास्त २५, म्हणजे वर्षास दोन वा तीन, देवमासे मारता येतात. उन्हाळ्यात याच किनाऱ्यावर राहून चरणाऱ्या सु. दोनशे देवमाशांच्या लहान गटासाठी वेगळी मर्यादा आहे आणि अद्याप विनाशोन्मुख असलेल्या पश्चिम पॅसिफिक समूहातील एखादा चुकून मारला जाऊ नये म्हणून ऋतूंप्रमाणे निर्बंध आहेत. केवळ सुटीने शिकारीस प्रारंभ करता येत नाही. त्यासाठी स्वतंत्र परवाना लागतो. अर्जापासून सूट मिळेपर्यंत १९ वर्षे लागली. १९९९ मध्ये होडीत असलेल्यांपैकी काही या अवधीत निवर्तले. त्या वेळी मारलेल्या मादीचा सांगाडा जमातीतील विद्यार्थ्यांनी जुळविला असून तो नीआ बे येथील संग्रहालयात, ओझेटच्या अवशेषांच्या सान्निध्यात ठेवलेला आहे.